तंबाखूचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं?

मे २०२१ च्या शेवटी ब्रिटिश कोलंबियातल्या कॅम्लूप्सच्या, मूळ रहिवाशांच्या मुलांना ठेवायच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात जमिनीखालचा वेध घेणारं रडार फिरलं. मुलांच्या बिनखुणेच्या कबरी असाव्यात अशा सुमारे दोनशे जागा त्यात दिसल्या. त्यानंतर कॅनडातल्या झाडून सगळ्या नाटक कंपन्यांनी, कलादालनांनी, वाद्यवृंदांनी निवेदनं काढली. आमच्या संस्थेनेही काढलं. निवेदनात शेवटी ‘आम्ही कृती करू’ असं वाक्य होतं, आणि बोर्डाच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, म्हणजे नक्की काय करणार आहोत?

टोरांटो परिसरातली मध्यम आकाराची संस्था आमची. एक नाट्यगृह, एक छोटं कलादालन, वर एक कोठार. माझ्याकडे ऑपरेशन्स, म्हणजे हिशेब, करार, विमा, किल्ल्या आणि तुंबलेले नळ. बोर्डावर तेव्हा एकही इंडिजिनस, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, माणूस नव्हतं. एक समेट समिती नेमायचं ठरलं. गोऱ्या माणसाने तिचं नेतृत्व करणं बरं दिसणार नाही असं सगळ्यांच्याच मनात होतं. तसं तोंडाने कोणी म्हणालं नाही, पण माना वळल्या त्या माझ्याकडे. डोंबिवलीहून आलेल्या बाईचा इथल्या मूळ रहिवाशांशी काय संबंध, हे कोणी विचारलं नाही आणि त्या वेळी मीही विचारलं नाही. मी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा तिच्यात राणीचं नाव होतं, या लोकांच्या हक्कांचा उल्लेख नव्हता. तो जून २०२१ मध्ये आला, सत्यशोधन व समेट आयोगाच्या ९४ व्या शिफारशीवरून.

हा आयोग २००८ मध्ये बसला. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर. शंभराहून जास्त वर्षं सरकार आणि चर्च मिळून फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी समाजांच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवत होते. अशी सुमारे १,५०,००० मुलं, आणि शेवटची शाळा बंद झाली ती थेट १९९० च्या दशकात. २०१५ मध्ये आयोगाने ९४ कलमं देशापुढे ठेवली. कलेच्या धंद्यात असलेल्यांनी त्यातली दोन तरी पाठ करावीत. ६७ वं संग्रहालयांच्या धोरणांची फेरतपासणी मागतं. ८३ वं कॅनडा कौन्सिल फॉर द आर्ट्सला सांगतं की इंडिजिनस आणि इतर कलावंतांनी एकत्र करायच्या कामाला पैशात अग्रक्रम द्या.

वाचायला बसले तसं कळत गेलं की माझ्या टेबलावर नवे म्हणून आलेले प्रश्न चांगलेच जुने आहेत. १९८८ मध्ये कॅलगरी ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथल्या ग्लेनबो संग्रहालयाने जगभरातून वस्तू आणून मूळ रहिवाशांच्या कलेचं भलंमोठं प्रदर्शन मांडलं. प्रायोजक होती शेल कंपनी, आणि हीच कंपनी उत्तर अल्बर्टात लुबिकॉन क्री लोक ज्या जमिनीवर हक्क सांगत होते तिथे तेलासाठी विहिरी खणत होती. लुबिकॉन लोकांनी बहिष्कार पुकारला, तो जगभर गाजला. त्या भांडणातून संग्रहालयवाले आणि फर्स्ट नेशन्सचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि १९९२ मध्ये अहवाल आला. निर्णयात आम्हाला घ्या, आमच्या वस्तू आम्हाला बघू द्या, ज्या परत द्यायला हव्यात त्या परत द्या. मागण्या इतक्या साध्या. आम्ही २०२१ मध्ये ‘सुरुवात कुठून करावी’ यावर सल्लागार नेमण्याचा विचार करत होतो.

आमच्याकडे तोवर होतं ते एक लॅमिनेट केलेलं कार्ड. प्रयोगाआधी कोणीतरी रंगमंचावर येऊन वाचायचं की आपण मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट, अनिशिनाबेग, चिप्पेवा, होडिनोशोनी आणि वेंडाट लोकांच्या भूमीवर आहोत. मग मोबाइल बंद करण्याची सूचना, मग नाटक. कार्डावर तेराव्या तहाचा उल्लेख होता. तो तह काय, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसायचं. १७८७ मध्ये इंग्रजांनी टोरांटोची जमीन ‘विकत घेतली’. पुढे कागद काढून बघितला तर तो कोरा, सरदारांच्या खुणा तेवढ्या जोडलेल्या. मग १८०५ मध्ये दुसरा कागद केला, सुमारे २,५०,००० एकर जमीन आणि किंमत १० शिलिंग. त्याची भरपाई झाली २०१० मध्ये, १४.५ कोटी डॉलर. हे मी कर्मचाऱ्यांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा तिकीटबारीवरची एक मुलगी म्हणाली, मग कार्डावर हे का नाही? ते कार्ड त्या दिवसापासून बंद झालं.

खरी कसोटी लागली ती हिशेबात. हंगामाच्या उद्‌घाटनाला आम्ही एका एल्डरना बोलावलं. एल्डर म्हणजे समाजाने मान दिलेलं थोरलं माणूस, वय असलं म्हणून कोणी एल्डर होत नाही. आजी आल्या, प्रार्थना केली, थोडं बोलल्या, गेल्या. आमच्या अकाउंट्स खात्याने त्यांना नेहमीचा फॉर्म धाडला. व्हेंडर म्हणून नोंदणी, सोशल इन्शुरन्स नंबर, कॅन्सल्ड चेक, इनव्हॉइस, आणि पैसे तीस दिवसांत. चार-पाच दिवसांनी त्यांच्या भाचीचा फोन. आवाज चढलेला नव्हता. “तुम्ही माझ्या मावशीला घरी बोलावलंत. आता तिच्याकडे बिल मागताय?”

नियम बदलायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एखादं नाटक बसलं असतं. अकाउंट्सच्या माणसाचं म्हणणं, बिलाशिवाय पैसे दिले तर ऑडिटर उलटे टांगतील. मी सरळ ऑडिटरनाच फोन लावला. त्यांना बिल नको होतं, माग हवा होता. कोणाला, कधी, किती, कशासाठी, आणि आमच्याच दोघांच्या सह्या. तेवढं झालं की पुरे. मग लेखी ठरलं की मानधन त्याच दिवशी, माणूस दाराबाहेर पडायच्या आत, पाकिटात. सोबत येणाऱ्याचं जेवण आणि गाडीचं पार्किंग आपल्याकडे. कागद भरायचे ते आम्ही.

तेवढ्यात तंबाखू आडवी आली. इथल्या अनेक समाजांत कोणाकडे ज्ञान किंवा प्रार्थना मागायला जाताना आधी तंबाखू द्यायची रीत आहे. सुटी तंबाखू, कापडाच्या छोट्या तुकड्यात बांधलेली. (सगळ्यांची रीत एकच नाही. इनुइटांकडे तंबाखूऐवजी कुल्लिक नावाचा दगडी दिवा असतो. आधी विचारावं.) आमच्या खर्चधोरणात मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं की संस्थेच्या कार्डावर दारू, तंबाखू, गांजा घ्यायचा नाही. मी खिशातून घेतली आणि पावती लावली, ती परत आली. शेरा होता, ‘वैयक्तिक खर्च’. पुन्हा पाठवली तर प्रश्न आला, खातं कुठलं? भेटवस्तू? करमणूक? ऑफिस स्टेशनरी? शेवटी खातेवहीत ‘प्रोटोकॉल’ नावाचं नवं खातं उघडलं. आज त्यात तंबाखू, धुपासारखा जाळायचा सेज, कापड, मेजवान्या, सगळं बसतं. समितीने केलेल्या ठरावांपैकी कुठला टिकेल सांगता येत नाही, पण हे खातं टिकेल. खातं एकदा उघडलं की त्यात दर वर्षी पैसे ठेवावेच लागतात.

धुराचं प्रकरण त्यामानाने लवकर सुटलं. सेज, सीडर किंवा स्वीटग्रास या सुवासिक वनस्पती जाळून त्या धुराने शुद्ध व्हायचं, याला स्मजिंग म्हणतात. इमारत सांभाळणाऱ्यांनी ‘फायर अलार्म वाजेल’ म्हणून साफ नाही म्हटलं. मी हसले. कॅनडातल्या कुठल्याही मराठी घरात वास्तुशांतीच्या होमाला स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधून, खिडक्या सताड उघडून कोणीतरी वहिनी पंखा घेऊन उभी असतेच. नाट्यगृहाला पिशवी बांधता येत नाही, इतकाच फरक. त्या मजल्याचा अलार्म तासभर बंद ठेवायचा, तेवढा वेळ एक माणूस पहाऱ्याला, दारावर सूचना, आणि दम्याच्या रुग्णांना आधी कल्पना.

ब्रँटफर्डला, आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर, मोहॉक इन्स्टिट्यूट नावाची निवासी शाळा होती. १९७० मध्ये ती बंद झाली आणि १९७२ पासून तिथे वुडलँड कल्चरल सेंटर आहे. मुलांना रोज ओटची पातळ पेज मिळायची म्हणून तिचं नाव पडलं ‘मश होल’. इमारतीची दुरुस्ती चालू असल्याने आत जाता येत नव्हतं, म्हणून त्यांची ऑनलाइन फेरी आम्ही सगळ्या कर्मचाऱ्यांनी आमच्याच पडद्यावर एकत्र पाहिली. कॅमेरा मागच्या भिंतीवर गेला. विटांवर मुलांनी कोरलेली नावं. आमचा पडदा मोठा, त्यामुळे एकेक वीट माणसाएवढी झाली. एरवी दर बैठकीत ‘पण याने तिकीटविक्रीचं काय होईल’ म्हणून हात वर करणारे मार्केटिंगचे गृहस्थ त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीत पुन्हा बोलले, ते ठीकच आहे, त्यांचं कामच ते.

आता कोठार. १९६० च्या दशकात एका कुटुंबाने देणगी दिलेल्या खोक्यांत मणिकाम केलेले मोकॅसिन, म्हणजे कातडी जोडे होते, टोपल्या होत्या, आणि कार्डावर टाइप केलेलं होतं, ‘लाकडी मुखवटा, इरोक्वॉय’. इरोक्वॉय हे होडिनोशोनींचंच जुनं नाव. होडिनोशोनी महासंघाने १९९५ मध्ये जाहीर केलेलं धोरण आहे की हे औषधी मुखवटे विकायचे नाहीत, मांडायचे नाहीत, त्यांचे फोटो काढायचे नाहीत, आणि जिथे असतील तिथून परत यायला हवेत. म्हणून तो कसा होता हे मी इथे लिहीत नाही.

परत देणं म्हणजे गाडीत घालून पोचवणं, असं बोर्डातल्या काहींना वाटत होतं. आधी वकिलांची शंका आली. आमची धर्मादाय संस्था, तिची मालमत्ता अशी कोणालाही देता येते का? कर कायद्यात बसणारा घेणारा लागतो. ते सुटल्यावर विमावाल्यांनी किंमत मागितली. ज्याची विक्रीच करायची नाही त्याची किंमत काय सांगणार? मग आमच्या संग्रहपाल बाई. वीस-एक वर्षं त्यांनी एकेक वस्तूची नोंद लेकरासारखी जपलेली. संगणकातले फोटो पुसून टाका म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. “उद्या कोणी विचारलं की इथे काय होतं, तर मी काय दाखवू?” त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. वस्तू आल्याची, कोणाकडून आली त्याची आणि कोणाकडे परत गेली त्याची नोंद ठेवायची, चित्र ठेवायचं नाही, बॅकअपमध्येसुद्धा नाही, असं ठरलं. बॅकअपमधून खरोखर पुसायला आयटीवाल्यांना भलताच वेळ लागला.

सगळ्यात मोठी गोष्ट मला ठाऊकच नव्हती. जुन्या काळी कीड लागू नये म्हणून संग्रहालयांत लाकूड, कातडं, पिसं यांवर आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं फवारत. काचेच्या कपाटात बसलेल्या वस्तूला त्याने काही फरक पडत नाही. पण ही वस्तू कपाटात राहण्यासाठी परत जात नव्हती, ती माणसाच्या चेहऱ्यावर चढणार होती. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने तपासणी करून घेतली आणि त्याचा कागद सोबत दिला. तपासणीत काय निघालं आणि पुढे त्यांनी काय केलं, हा त्यांचा मामला. न्यायला आलेल्या माणसांनी दार लावून घेतलं. आम्ही बाहेर थांबलो. नंतर सगळ्यांनी मिळून सूप आणि मक्याचा ब्रेड खाल्ला. (प्रोटोकॉल खातं.)

एवढं होईपर्यंत सल्लागार मंडळ उभं राहिलं होतं. सगळे इंडिजिनस, सगळ्यांना मानधन. पहिल्याच बैठकीत त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, “आम्ही सल्ला द्यायचा, तुम्ही मान डोलवायची आणि करायचं ते करायचं, यासाठी मला घराबाहेर पडायची गरज नाही. आम्ही नाही म्हटलं तर काय होईल ते आधी सांगा.” बोर्डाकडे उत्तर नव्हतं. पुढच्या काही महिन्यांचं माझं काम म्हणजे ते उत्तर लिहून काढणं आणि त्यावर सह्या मिळवणं. संग्रहाबाबत आणि इंडिजिनस विषयांवरच्या कार्यक्रमांबाबत त्यांचा नकार अंतिम, आणि कारण देण्याची सक्ती नाही.

कलादिग्दर्शक भडकले. कलास्वातंत्र्याचं काय? हा वाद इथे नवा नाही. २०१८ मध्ये दिग्दर्शक रोबेर लपाज यांचं ‘कनाटा’ हे मूळ रहिवाशांच्या इतिहासावरचं नाटक एकही इंडिजिनस नट न घेता उभं राहत होतं. टीका झाली, उत्तर अमेरिकेतल्या निर्मात्यांनी हात काढून घेतला, जुलैमध्ये ते रद्द झालं आणि डिसेंबरमध्ये बदललेल्या रूपात पॅरिसला झालंच. दोन्ही बाजूंना आपलंच खरं ठरल्यासारखं वाटलं. मी कलादिग्दर्शकांना एवढंच म्हटलं की स्वातंत्र्य तुमचं शाबूत आहे, नाट्यगृहाच्या तारखा कोणाला द्यायच्या तेवढं आपण वाटून घेतोय. ते त्यांना पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, पण सही केली.

आणि पहिल्याच वर्षी नकार आला. निवासी शाळेवरचं एक नाटक, लेखक इंडिजिनस नाही, निम्मे नट ठरलेले, हक्कांची आगाऊ रक्कम भरलेली. मंडळ म्हणालं, नाही. बोर्डाच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कारण तरी विचार. कारण विचारायचं नाही हेच तर आपण लिहून दिलंय, मी म्हटलं. आगाऊ रक्कम बुडाली. त्या तारखा एका इंडिजिनस नाटक कंपनीला बिनभाड्याने दिल्या. तिकीटविक्री नेहमीच्या मानाने कमी झाली आणि दोन जुन्या देणगीदारांनी हात आखडला. बोर्डाला हे आकडे मी न सांगता कळले असते, म्हणून मीच आधी मांडले. त्या बैठकीत कोणी निवेदनातल्या शेवटच्या वाक्याची आठवण काढली नाही, पण नियम रद्द करण्याचा ठरावही कोणी मांडला नाही.

माणसं नेमण्याचा भाग मात्र फार वाईट झाला. समन्वयक म्हणून एक तरुण क्री बाई आल्या. नेमणूक एका वर्षाच्या प्रकल्प अनुदानावर. संस्थेतल्या प्रत्येकाला काही अडलं की त्यांच्याकडे. ही स्पेलिंग बरोबर आहे का, हा पोशाख चालेल का, शाळेचा गट आलाय जरा दोन शब्द बोलता का. ३० सप्टेंबर जवळ आला की तर विचारूच नका. २०२१ पासून तो सत्य आणि समेटाचा राष्ट्रीय दिवस आहे, आणि त्या एका दिवसासाठी सगळ्या शहराला तेच पाच-दहा कलावंत हवे असतात. त्या बाई वर्ष संपायच्या आत गेल्या. निरोपाच्या मुलाखतीत त्या म्हणाल्या, “मी तुमच्या अनुदानाच्या अहवालातली एक ओळ होते.” त्यानंतर ही जागा अनुदानातून काढून कायम पगारपत्रकात घेतली आणि पद वाढवलं. त्यासाठी लॉबीचं नूतनीकरण पुढे ढकललं, गालिचा अजून तोच आहे. ऑन्टॅरिओत ३० सप्टेंबरला सार्वजनिक सुट्टी नाही. आम्ही नाट्यगृह बंद ठेवतो, पगार चालू.

दुकानाचं सांगायचं राहिलं. कलादालनाच्या दारातल्या दुकानात ‘इंडिजिनस’ ठशाचे मग, शाली, ड्रीमकॅचर होते, त्यातले बरेच कुठे बनले याचा पत्ता नाही. नॉरव्हाल मॉरिसो या थोर अनिशिनाबे चित्रकाराच्या नावावरच्या बनावट चित्रांच्या प्रकरणात २०२३ मध्ये आठ जणांना अटक झाली, तेव्हापासून या बाबतीत सगळेच जागे झालेत. आमचा नियम असा केला की कलावंताचं नाव आणि समाज लिहिलेला नसेल तर वस्तू ठेवायची नाही, आणि छापलेल्या चित्राच्या विक्रीतला वाटा कलावंताला. हे समजावत होते तेव्हा मंडळातल्या एकाने माझ्या कुर्त्याकडे बोट केलं. “हे कोणी काढलंय?” वारली छाप होता. मी त्यांना लग्नाचा चौक काढणाऱ्या सुवासिनींबद्दल सांगितलं, जिव्या सोमा म्हसे यांच्याबद्दल सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. “तुझ्या कुर्त्यावरचं कोणी काढलंय, ते विचारतोय.” दादरच्या दुकानातला होता. सुट्टीत गेले तेव्हा तिथे विचारून पाहिलं. दुकानदार म्हणाला, ताई, सुरतेहून येतो माल.

आता या सगळ्या कामाची प्रमुख अनिशिनाबे बाई आहे आणि या विषयापुरती मी तिच्या हाताखाली. माझ्या नावापुढचं ‘अध्यक्ष, समेट समिती’ गेलं, समितीही बरखास्त झाली. मला ते सोपं वाटतं. ती सांगते, मी करार लिहिते. तिने मागितलंय की डिसेंबरचे दोन आठवडे दर वर्षी इंडिजिनस कंपन्यांसाठी राखून ठेवा. नेमके तेच दोन आठवडे एक बॅले शाळा कित्येक वर्षं भाड्याने घेते आणि त्या भाड्यावर आमचा हिवाळ्याचा गॅसचा खर्च निघतो. बॅलेवाले मार्च घ्यायला तयार नाहीत. अकाउंट्सच्या माणसाने तीन पर्याय काढून दिलेत, तिन्हीत तूट आहे. तिने त्यातला सगळ्यात महागडा निवडलाय, आणि पुढच्या मंगळवारी तो बोर्डापुढे मांडायचाय.